भट्टीच्या गावातली टीम

दिवस पहिला: अंकारा ते काराब्युक

अंकाराच्या आश्ती बसस्थानकावर तिकीट देणाऱ्या मुलाने मला दोनदा विचारलं, "साफ्रानबोलू?" मी दोन्ही वेळा "काराब्युक" म्हणालो. शेवटी त्याने कागदावर नाव लिहून माझ्यासमोर धरलं आणि मी मान हलवली तेव्हाच तिकीट छापलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्या बाजूला जाणारे परदेशी पाहुणे साफ्रानबोलूची जुनी लाकडी घरं बघायला जातात. तिथून जेमतेम आठ-दहा किलोमीटरवर असलेल्या लोखंडाच्या गावात मुद्दाम उतरणारा माणूस त्याला रोज कुठून भेटणार?

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठेपेठेत, तालमी-तालमीत वाटलेला असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावं मला शाळेतल्या धड्यांच्या आधी पाठ झाली. वडील शाहू मिलमध्ये होते. मिलचा भोंगा झाला की आई कुकर चढवायची आणि पाळी सुटली की वडील घरी यायच्या आधी शाहू स्टेडियमकडे वळायचे. 2003 साली मिल बंद झाली. वडिलांनी त्यानंतरही बरीच वर्षं मॅच सोडली नाही, पण भोंगा मात्र आमच्या घरातून गेला तो गेलाच.

ऑगस्ट 2014 मधल्या एका रात्री आम्ही दोघं इंटरनेटवर युरोपा लीगचा पात्रता सामना बघत बसलो होतो. फ्रान्सच्या सेंत एतियेनसमोर तुर्कस्तानची काराब्युकस्पोर नावाची टीम होती. वडिलांनी विचारलं, "ही कुठली रे?" मी शोधून वाचून दाखवलं: लोखंडाच्या कारखान्याची टीम, कारखाना कामगारांनी आणि गावाने सरकारकडून एका लिराला घेतलेला. वडील पाटावरून उठून खुर्चीत येऊन बसले. घरच्या मैदानावर काराब्युक 1-0 जिंकलं होतं, तिकडे 1-0 हरलं, आणि पेनल्टीत 4-3 ने गेलं. मध्यरात्र कधीच उलटून गेली होती. वडील म्हणाले, "एका लिराला मिळते होय गिरणी? आपल्याला कुणी विचारलं नाही ते." ते आता नाहीत. ही सहल त्या वाक्यामुळे झाली.

बस गेरेदेपर्यंत मोकळ्या माळावरून जाते. मग डोंगर सुरू होतात, पाइनची झाडं दाट होतात आणि रस्ता दरीत उतरायला लागतो. वाटेत बसमधला पोऱ्या प्रत्येकाच्या ओंजळीत लिंबाच्या वासाचं कोलोन्या ओततो, मग चहा देतो. साधारण तीन तासांनी एका वळणावर समोरची दरी एकदम उघडली. डोंगराच्या कुशीत, नदीच्या काठाला धरून, लांबच लांब पसरलेला कारखाना होता: धुराड्या, गॅसचे जाड नळ, काळपट शेड, आणि वाफेचा एक पांढरा ढग जो वाऱ्याने हलत होता पण विरत नव्हता. गाव त्याच्या भोवती उतारावर चढलेलं. कारखाना गावात आहे असं म्हणवत नाही, गावच कारखान्याला टेकून उभं आहे.

रात्री खोलीची खिडकी उघडली. कोळसा आणि तापल्या लोखंडाचा वास आला. दरीच्या त्या टोकाला आकाशाचा एक तुकडा तांबूस झाला, काही मिनिटं तसाच राहिला आणि मग हळूहळू विझला. मी बराच वेळ तिथे उभा होतो.

दिवस दुसरा: काराब्युक

सकाळी आधी दोन नद्यांचा संगम पाहिला. अराच आणि सोआनली हे दोन प्रवाह इथे भेटतात आणि पुढे फिल्योस नदी होऊन काळ्या समुद्राकडे जातात. ‘कारा’ म्हणजे काळं आणि ‘ब्युक’ म्हणजे नदीकाठची दाट झुडपं. 1937 पर्यंत इथे एवढंच होतं: काळी झुडपं, रेल्वेचं छोटं स्टेशन आणि तेरा घरांची वाडी. तेरा हा आकडा गावात पोरंटोरंही सांगतात.

3 एप्रिल 1937 ला पंतप्रधान इस्मेत इनोन्यू यांनी कारखान्याची पायाभरणी केली. बांधकाम लंडनच्या एच. ए. ब्रासर्ट कंपनीकडे होतं. जागा निवडताना दोन गोष्टी पाहिल्या होत्या. झोंगुलदाकचा दगडी कोळसा रेल्वेने जवळ होता, आणि समुद्र डोंगराआड होता, म्हणजे शत्रूच्या युद्धनौकांच्या तोफा इथवर पोचणार नव्हत्या. पहिल्या महायुद्धात पोळलेल्या देशाने काढलेला तो हिशोब होता. सप्टेंबर 1939 मध्ये, तिकडे युरोपात दुसरं महायुद्ध पेटलं त्याच महिन्यात, इथल्या पहिल्या झोतभट्टीतून लोखंड वाहिलं. त्या भट्टीचं नाव फातमा. पुढच्या भट्ट्यांना झैनेप आणि उल्क्यू अशी नावं मिळाली. भट्टीला लेकीचं नाव देणारं गाव मला तिथल्या तिथे आवडलं.

याच कारखान्याच्या लोखंडातून आणि वर्कशॉपमधून देशातले दुसरे कारखाने उभे राहिले. साखर कारखाने, सिमेंट कारखाने, पूल, धरणांची दारं. म्हणून तुर्कस्तानात याला ‘कारखाने उभारणारा कारखाना’ म्हणतात. आजही तिथल्या रेल्वेचे रूळ इथे बनतात.

आता टीमकडे येतो. कारखान्याबरोबर कामगार आले, अनातोलियाच्या खेड्याखेड्यांतून. त्यांच्यासाठी येनीशेहिर नावाची वसाहत बांधली. ‘शेहिर’ म्हणजे आपलं शहरच, ‘येनी’ म्हणजे नवं. मी दुपारी तिथे चालत गेलो. झाडांच्या रांगा, बागेसकट बैठी घरं, सिनेमा, इंजिनिअरांचा क्लब. ज्या देशात बहुतेक माणसं मातीच्या घरात राहत होती तिथे कामगाराच्या पोराला टेनिस कोर्ट आणि सिनेमा बघायला मिळत होता. देमिर चेलिक, म्हणजे ‘लोखंड-पोलाद’, या नावाची कारखान्याची टीम त्याच वातावरणात वाढली. 1969 साली काराब्युकस्पोर हा क्लब झाला. त्या काळात तुर्कस्तानात गावोगावच्या छोट्या टीम एकत्र करून गावाच्या नावाची एकच टीम उभी करायची लाट होती. इझमीर, इस्तंबूल आणि अंकारा सोडूनही देशात फुटबॉल आहे हे त्या लाटेने दाखवलं. रंग ठरले लाल आणि निळा.

स्टेशनजवळच्या चहाच्या दुकानात मला उस्ता भेटले. नाव लिहीत नाही, ते त्यांना आवडणार नाही. ‘उस्ता’ म्हणजे आपला उस्ताद, कारागीर माणसाला आदराने म्हणतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, छत्तीस वर्षं कारखान्यात, त्यातली बरीच भट्टीवर. माझ्या फोनवरचं भाषांतर त्यांच्या बोलीपुढे गडबडत होतं, पण शेजारच्या टेबलावर त्यांचा नातू होता. तो काराब्युकच्या विद्यापीठात शिकतो आणि इंग्रजी चांगलं बोलतो. मी भारतातून या टीमसाठी आलोय म्हटल्यावर उस्तांनी आधी विश्वास ठेवला नाही. मग त्यांनी चहावाल्याला हाक मारून दुकानातल्या सगळ्यांना ते सांगितलं, आणि त्या दिवशी माझ्या चहाचे पैसे कुणी घेतले नाहीत.

त्यांचे हात मी जवळून पाहिले. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत बारीक, गुळगुळीत, पांढरट ठिपके होते, तिळाएवढे. वितळलेल्या लोखंडाचे उडालेले थेंब. चहाचा नाजूक पेला ते काठाला दोन बोटांनी धरत आणि ठेवताना बशीचा आवाज होऊ देत नसत.

"1989 ला आम्ही 137 दिवस संपावर होतो," ते म्हणाले. "तेव्हा वाटलं याहून वाईट काय येणार. मग 1994 आलं."

एप्रिल 1994 मध्ये तान्सू चिल्लेर यांच्या सरकारने आर्थिक संकटावर उपाय म्हणून काही निर्णय जाहीर केले. त्यात काराब्युकचा कारखाना विकावा, नाहीतर बंद करावा, असं होतं. यंत्रं जुनी, तोटा मोठा, असं कारण. त्याच मोसमात, म्हणजे 1993-94 मध्ये, काराब्युकस्पोर पहिल्यांदाच देशाच्या सर्वोच्च श्रेणीत खेळत होती आणि तळाला जाऊन बाहेरही पडली. उस्तांना या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. "रविवारी मैदानावर हरायचो आणि सोमवारी पेपरमध्ये कारखाना हरायचा."

मग गाव उठलं. कामगार संघटना तर होतीच, पण दुकानदार, शिक्षक, म्हातारे, शाळेतली मुलं, सगळे. नोव्हेंबर 1994 मध्ये एक दिवस सबंध गाव बंद राहिलं. दुकानांची शटरं खाली, रस्ते अडवलेले, बायका रस्त्यावर बसलेल्या. उस्ता म्हणाले की त्या दिवशी लोकांच्या गळ्यात जे मफलर होते ते मैदानावरचेच, लाल-निळे. ऐन थंडीत दुसरा कुठला मफलर घरात होता?

30 मार्च 1995 ला कारखाना एका लिराच्या नाममात्र किमतीला कामगार, गावकरी, व्यापारी आणि निवृत्त माणसं यांच्या हाती आला. कंपनीचं नाव झालं कार्देमिर. कामगारांच्या वाट्याला 35 टक्के. भट्टी विझली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये काराब्युकला जिल्ह्याचा दर्जा मिळाला. टीमच्या नावाआधीही ‘कार्देमिर’ लागलं, आणि 1997 मध्ये ती पुन्हा वरच्या श्रेणीत जाऊन दोन मोसम टिकली.

मी उस्तांना वडिलांचं वाक्य सांगितलं. शाहू मिलबद्दल सांगितलं: 1906 मध्ये राजाने रयतेसाठी काढलेली गिरणी, आणि आता नुसती उभी असलेली चिमणी. नातवाने ते सगळं तुर्कीत सांगितलं, बहुधा मी सांगितलं त्याहून जास्त सांगितलं, कारण उस्ता बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांचं खातं कुठलं होतं?" मी म्हटलं, सूतकताई. त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली.

संध्याकाळी आम्ही तिघं डॉ. नेज्मेत्तिन शेयहोलू स्टेडियमवर गेलो. मुख्य फाटकाला कुलूप होतं. नातवाने बाजूने एक जागा दाखवली जिथून गवत दिसतं. चेंडूला तुर्कीत ‘टॉप’ म्हणतात, आणि तोफेलाही ‘टॉप’च. आपली ‘तोफ’ तिथूनच आलेली. मैदानाला ‘मेयदान’. इथल्या कट्टर समर्थकांच्या गटाचं नाव ‘मावी आतेश’, निळी आग. आतेश म्हणजे आपल्या आतषबाजीतलं आतष. कुंपणाला नाक लावून उभं राहून हे शब्द एकेक करून कळत गेले तेव्हा परक्या देशात असल्यासारखं वाटेना.

उस्तांना मी विचारलं, लाल-निळा का? ते म्हणाले, क्लबवाले काय सांगतात ते सांगू दे, मी असा अर्थ लावतो: लाल म्हणजे भट्टीतून वाहतं ते, आणि निळा म्हणजे आमच्या अंगावरचा कामाचा डगला.

याच मैदानावर 2009-10 च्या मोसमात टीमने दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवलं आणि अकरा वर्षांनी वर गेली. नायजेरियाचा एमेनिके तेव्हा इथे होता. दक्षिण आफ्रिकेतल्या छोट्या क्लबातून आलेला, कुणाला माहीत नसलेला मुलगा. गावाने त्याला डोक्यावर घेतलं, आणि 2011 मध्ये फेनरबाह्चेने त्याला नेलं. 2013-14 मध्ये टीम सातवी आली. वरच्या काही क्लबांवर मॅच फिक्सिंगमुळे युरोपात खेळायला बंदी होती म्हणून काराब्युकला जागा मिळाली. उस्तांना हे कारण सांगितलेलं आवडत नाही. "सातवे आलो होतो ना? मग?" त्यांनी नॉर्वेच्या रोसेनबोर्गला बाहेर काढलं, आणि मग ती सेंत एतियेनची रात्र. सेंत एतियेन हेसुद्धा कोळशाचं आणि बंदुकांच्या कारखान्यांचं गाव. दोन कामगार गावं एकमेकांसमोर होती. फ्रान्समधून परत आल्यावर टीमला घ्यायला लोक रस्त्यावर उभे होते का, असं मी विचारलं. उस्ता म्हणाले, "मी पाळीवर होतो. पण रेडिओ चालू होता, आणि पेनल्टीच्या वेळी भट्टीवरचा एकही माणूस जागचा हलला नाही."

दिवस तिसरा: साफ्रानबोलू, आणि परत मैदान

सकाळी मिनीबसने साफ्रानबोलूला गेलो. गाव सुंदर आहे यात वाद नाही. 1994 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे, म्हणजे खालच्या दरीत कारखाना जगवण्यासाठी शटरं पडत होती त्याच वर्षापासून. पांढऱ्या भिंती, लाकडी चौकटी, पुढे झुकलेले वरचे मजले, दगडी गल्ल्या. लोहारांच्या बाजारात आजही घण पडतात. म्हणजे या दरीत लोखंडाचा आवाज कारखान्याच्या आधीपासून होता. केशर थोडं घेतलं, लोकुम नावाची तिथली मिठाई घेतली, ‘बालार’ नावाचा इथला जुना सोडा प्यायलो. एका दुकानदाराने सांगितलं ते मात्र लक्षात राहिलं: एके काळी काराब्युक ही साफ्रानबोलूच्या हद्दीतली वाडी होती, आणि आता साफ्रानबोलू काराब्युक जिल्ह्यातलं गाव आहे. कारखान्याचा पगार सुरू झाला तशी जुन्या घरांतली पोरं खाली उतरली. जुनी घरं पाडून नवी बांधायची घाई इथे कुणाला झाली नाही, आणि म्हणून ती आज पाहायला मिळतात असं त्याला वाटतं. खरं असावं.

दुपारी परत आलो. नातवाने निरोप पाठवला होता की छोट्या मैदानावर मुलांचा सराव आहे.

टीमच्या पडझडीची गोष्ट त्याने मला तिथे, कठड्यावर बसून सांगितली. उस्ता त्या वेळी मुद्दाम थोडे लांब जाऊन उभे राहिले. 2016 मध्ये टीम परत वर आली, क्रोएशियाचा इगोर तुदोर प्रशिक्षक होता. फेब्रुवारी 2017 मध्ये त्याला गालातासारायने बोलावलं आणि मोसमाच्या मध्यात तो गेला. पुढचा मोसम, 2017-18, असा गेला की आकडे वाचतानाही जीव कसनुसा होतो: 34 सामने, 3 विजय, 3 बरोबरी, 28 पराभव, 12 गुण. देणी थकली, कर्ज वाढलं, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली, आणि खाली गेल्यावर अंगात बळ न आलेली पोरं मोठ्या माणसांसमोर उतरवावी लागली. नातवाचा वर्गमित्र त्यातलाच एक. अठरा वर्षांचा होता. एका सामन्यानंतर तो घरी आला आणि बूट न काढता जेवायला बसला, आईने काही विचारलं नाही. तिथून क्लब एकेक पायरी खालीच उतरत गेला.

"कारखाना बंद होणार हे सांगायला सरकार आलं होतं," उस्ता मागून म्हणाले. ते कधी जवळ आले कळलं नव्हतं. "तारीख होती, कागद होता. म्हणून गाव रस्त्यावर बसू शकलं. क्लब जातोय हे सांगायला कोण आलं? दर महिन्याला थोडा थोडा गेला. शटर नेमकं कुठल्या दिवशी खाली ओढायचं?"

मला याचं उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही. पण कामगारांच्या गावातली टीम म्हणजे पगाराचाच एक भाग असतो असं मला तिथे पहिल्यांदा लख्ख कळलं. आठवडाभर माणूस भट्टीसमोर उभा राहतो तेव्हा त्याचं नाव कुणी घेत नाही. रविवारी हजारो माणसं मिळून त्याच्या गावाचं नाव ओरडतात. इस्तंबूलची मोठी टीम इथे येऊन हरून जाते आणि सोमवारी तो माणूस वेगळ्या चालीने फाटकातून आत जातो. वडिलांची चाल मी पाहिली आहे. पाटाकडील जिंकली की ते मिलच्या फाटकाशी सायकलवरून उतरायचे, आणि हरली की सरळ आत न्यायचे.

सराव चालू होता. दहा-बारा वर्षांची मुलं, कुणाच्या अंगात लाल, कुणाच्या निळा, एकाच्या अंगात थोरल्या भावाचा असावा एवढा मोठा शर्ट. त्याच्या पाठीवरचं नाव धुऊन धुऊन गेलं होतं, फक्त 9 उरला होता. गोलकीपर पोरगी होती. तिने अंग टाकून एक चेंडू अडवला तेव्हा उस्तांनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की शेजारच्या झाडावरचे पक्षी उडाले. त्यांच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत यंत्रांच्या आवाजावरून माणसाला हाक मारायची हीच रीत होती.

निघताना स्टेशनजवळच्या एका दुकानात मी लाल-निळा मफलर विकत घेतला. उस्तांना पैसे द्यायचे होते, मी देऊ दिले नाहीत. घासाघीस नाही, वाद नाही. मी एवढंच म्हणालो की हा वडिलांच्या पैशातून घ्यायचा आहे. त्यांनी पाकीट खिशात ठेवलं आणि मफलर माझ्या गळ्यात स्वतः बांधला, घट्ट, मागे गाठ मारून, पाळीवर जाणाऱ्या माणसाला बांधावा तसा.

दिवस चौथा: रेल्वेने काळ्या समुद्राकडे

काराब्युक ते झोंगुलदाक ही छोटी गाडी या दौऱ्यातला सगळ्यात सुंदर प्रवास. रूळ फिल्योस नदीला सोडतच नाहीत. कधी नदी डावीकडे, कधी उजवीकडे, मध्ये बोगदा, मग पूल, पुन्हा बोगदा. येनिजेची जंगलं इतकी दाट आहेत की दुपारी डब्यात दिवे लागतात. हीच ती लाइन जिच्यावरून कोळसा वर यायचा आणि पोलाद बाहेर जायचं. डब्यात बहुतेक विद्यार्थी आणि बाजारहाट करून निघालेल्या बायका. एका आजींनी पिशवीतून अक्रोड काढून दिले, मी लोकुम दिलं. फिल्योसपाशी डोंगर संपले आणि समोर एकदम समुद्र आला, राखाडी, लाटांचा आवाज डब्यात येईल इतका जवळ. पुढे चातालआझीचं औष्णिक वीज केंद्र, किलिम्ली, आणि झोंगुलदाक. हॉटेलात सामान टाकलं आणि बंदरावर तळलेले हामसी, म्हणजे तिथले छोटे मासे, खाऊन झोपलो.

दिवस पाचवा: झोंगुलदाक

काराब्युक पोलादाचं, तर झोंगुलदाक कोळशाचं. एकोणिसाव्या शतकापासून इथे जमिनीखाली माणसं उतरतात, आणि बोगदे समुद्राच्या तळाखालीही गेलेत. गावाच्या मधोमध कोळसा धुण्याचा जुना कारखाना होता. तो पाडला, पण त्याचे तीन काँक्रीटचे मनोरे ठेवलेत. खाण संग्रहालयात मी दोन तास होतो. खाणीत उतरणाऱ्यांचे दिवे, शिरस्त्राणं, आणि 3 मार्च 1992 च्या कोझलू खाणीतल्या स्फोटाची माहिती. एका रात्रीत 263 माणसं. मी तिथून बाहेर येऊन थोडा वेळ पायरीवर बसलो.

स्फोटाच्या आधीच्या वर्षी याच गावाने तुर्कस्तानातल्या सगळ्यात मोठ्या कामगार मोर्चांपैकी एक काढला होता. नोव्हेंबर 1990 मध्ये चाळीस हजारांहून जास्त खाण कामगार संपावर गेले, आणि 4 जानेवारी 1991 ला कुटुंबांसह पायी अंकाराकडे निघाले. कडाक्याची थंडी, बर्फ. मेंगेनजवळ रस्ता अडवून त्यांना थांबवलं. पुढारी होते शेमसी देनिझेर. काराब्युकमध्ये 1994 साली गाव कसं उठलं हे कळायचं असेल तर हा मोर्चा आधी माहीत हवा. शेजारच्या दरीत काय झालं होतं ते तिथल्या प्रत्येकाने पाहिलं होतं.

झोंगुलदाकस्पोर 1966 मधली, 1974 ते 1988 अशी सलग चौदा वर्षं सर्वोच्च श्रेणीत होती. 1979-80 मध्ये ती तिसरी आली, ट्राबझोनस्पोर आणि फेनरबाह्चेच्या मागोमाग, गालातासाराय आणि बेशिक्ताशच्या पुढे. खाणीतल्या माणसांची टीम! खाणी आटत गेल्या, हजारोंनी काम करणारे गेले, टीमही उतरली. नंतर इथे झोंगुलदाक कोम्युरस्पोर नावाची टीम खेळू लागली, ‘कोम्युर’ म्हणजे कोळसा. स्टेडियमचं नाव काराएल्मास केमाल क्योक्साल. ‘काराएल्मास’ म्हणजे काळा हिरा, तोही कोळसाच.

स्टेडियमच्या बाहेर एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया खात होते. खोकला खोल होता, खाणीतला. त्यांनी माझ्या गळ्यातला मफलर पाहिला आणि हाताने जवळ बोलावलं. मी गेलो. त्यांनी मफलरचं टोक धरून ऊन पडत होतं तिकडे वळवलं, अंगठ्याने निळ्या पट्टीवरून पुसलं आणि बोट हलवलं.

"काराब्युक," ते म्हणाले.

मग त्यांनी कोटाची दोन बटणं काढली आणि आतला स्वेटर दाखवला. लाल आणि निळाच, पण निळा गडद, रात्रीचा. त्यांनी तो रंग बोटाने दोनदा ठोकून दाखवला, मला फरक नीट दिसला याची खात्री केली, बाकावर सरकून जागा केली आणि मूठभर बिया माझ्या हातावर ठेवल्या.